चुकामूक झाली तर दुतोंड्यापाशी

कुंदा,

तुझ्या तेराव्यापर्यंतच्या कामांची यादी मीच केली. हसू नकोस. कुणीतरी करायला हवीच होती. अरविंदराव बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होते आणि येईल त्याला "चहा घेतला का?" एवढंच विचारत होते. तुझ्या सासूबाई, माई, देवघराच्या उंबऱ्याशी बसलेल्या. मग मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे काम, उजवीकडे माणसाचं नाव. तू असतीस तर माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली असतीस, "काय कलेक्टरीणबाई, मला कुठल्या कामाला लावलंय?"

आणि सवयीने मी तुला कामाला लावलंही. 'बाहेरगावच्यांना स्टँडवरून आणणे' या ओळीपुढे तुझं नाव लिहून मोकळी झाले. तुमच्या घरात कुठलंही कार्य असलं की ते काम तुझंच असायचं. नाव खोडवेना. शेजारी माझं लिहिलं आणि गेले स्टँडवर.

तिथून मी अरविंदरावांच्या पुण्याच्या मावशींना आणलं. तुझ्या लग्नानंतर दोन-चारदा आल्या असतील, मग कित्येक वर्षांत फिरकल्या नव्हत्या. रिक्षात बसल्या बसल्या पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "भोळी गं बिचारी. घरापासून दुकानापर्यंतसुद्धा एकटी जायची नाही. आता एवढ्या लांबच्या वाटेला एकटी गेली. चुकायची तर नाही ना कुठे?"

रिक्षा थांबवून त्यांना तिथेच उतरवावं असं मनात आलं. पण सुतकाचं घर, वयस्कर बाई. गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून आता सगळं आटोपल्यावर, भांडी मोजून परत गेल्यावर, हे लिहायला बसलेय. मावशींच्या डोक्यात जी कुंदा आहे ती फार जुनी आहे. ती तशीच राहिली तर मला चालणार नाही.

त्या जुन्या कुंदाचा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे हजर होते. आपण पाचवीत होतो. सिंहस्थ आला होता. तुझे अण्णा आपल्या दोघींना पर्वणी बघायला घेऊन गेले. निघताना बजावलं, "चुकामूक झाली तर दुतोंड्यापाशी थांबायचं. इकडेतिकडे भटकायचं नाही." गंगेवर गर्दीत जाताना नाशिकमधल्या घराघरांत पोरांना हेच सांगत. गोदावरीला आपण गंगा म्हणतो, आणि तिच्या पात्रात तो उंच दुतोंड्या मारुती उभा, एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे. पुराचं पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून गाव पूर मोजतं. लांबून दिसतो, कुणालाही सांगता येतो. हरवलेल्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

गर्दीच्या लोंढ्यात तुझा हात सुटला. अण्णा मला काखोटीला मारल्यासारखं ओढत पोलीस चौकीवर गेले, मग हरवले-सापडलेच्या मंडपात, मग पुन्हा चौकीवर. भोंग्यावरून तुझ्या नावाचा पुकारा झाला. शेवटी तू सापडलीस ती दुतोंड्यासमोरच्या पायरीवर, मांडीवर बत्ताशांचा पुडा घेऊन. अण्णांनी आधी पाठीत धपाटा घातला, मग पोटाशी धरलं. तू म्हणालीस, "अण्णा, तुम्हीच तर सांगितलं होतं, इथे थांब म्हणून."

तुझं म्हणणं कुणी ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, कुंदा हरवली! पुढे भूगोलाच्या वहीत तू इटलीचा बूट उलटा काढलास, टाच डावीकडे. बाई म्हणाल्या, "हिला देशसुद्धा सापडत नाही." वर्ग हसला. तुला बघायला आले तेव्हा तुझ्या काकांनी हीच गोष्ट गंमत म्हणून सांगितली आणि माईंनी ती गंमत म्हणून ऐकली नाही. लग्न होऊन तू भांडी बाजारातल्या दुकानवाल्यांकडे गेलीस. त्यानंतर तुला भाजीला, बँकेत, माहेरी, माझ्याकडे, सगळीकडे अरविंदराव स्कूटरवरून सोडायचे आणि न्यायला यायचे. माणूस वाईट नव्हता. काळजीचा होता. पण काळजीवाल्या माणसाच्या स्कूटरवर मागे बसून बसून तू चाळिशी ओलांडलीस.

तुझं डोकं मात्र मागे बसलं नव्हतं. एकदा माझ्या स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटत म्हणालीस, "सुलू, तो बूट एकदा जाऊन बघू या."

"कुठला बूट?"

"मी उलटा काढलेला."

मी सातपूरच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. कुठलीही गोष्ट कुठून मागवायची, कधी पोचेल आणि कुठे ठेवायची, हे मला विचारायचं. कुणी 'करू या' म्हटलं की माझ्या हाताला पेन्सिल लागते. टूरवाल्यांबरोबर सोपं पडेल असं मी सुचवलं. तू लाटणं आपटलंस. "ते छत्री उंच धरून पुढे चालतात आणि सगळ्यांनी मागे जायचं. छत्रीमागे मी जन्मभर चाललेय. आपण पाठीवर सॅक टाकून जायचं, त्या कॉलेजच्या पोरांसारखं."

तर रोम. चारच दिवस, पण आपले आपण. सॅक दोन्ही ट्रेकवाल्यांकडून मागून आणलेल्या. तुझी तुझ्यापेक्षा उंच. सलवार-कमीज, खाली बूट, पाठीवर ते बोचकं, आरशात बघून तू म्हणालीस, "कुबड आलेल्या दोन बायका तीर्थाला निघाल्या."

निघायच्या आदल्या दिवशी माईंनी मला एकटीला बोलावून घेतलं. माई सटाण्याकडच्या, बोलणं ठसठशीत. "सुलभा, तुझ्या भरवशावर पाठवते. ती लय भोळी हाय. हात सोडायचा नाय."

"नाही सोडणार, माई."

"माझ्या गळ्याची शपथ."

"शपथ." मी म्हणाले. दाराआड तू उभी होतीस. तुझ्या बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणजे तू अगदी स्थिर उभी राहून ऐकत होतीस. बाहेर आल्यावर फक्त एवढं म्हणालीस, "पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा हात धरून फिरायची शपथ घेतलीस. लाज नाही वाटली?"

"ते बोलायचं असतं गं."

"बोलायचं असतं ना? मग सोडशील." आणि हसलीस. मला ते हसणं तेव्हा उगाच वाटलं.

रोमच्या पहिल्या दिवशी आपण नदीकाठाने चाललो होतो. तू कठड्यावरून वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "गंगेला पाणी कमी आहे." मी म्हटलं, हिचं नाव टायबर. "असेल," तू म्हणालीस, "पण गंगाच ती." पुढे एक जुना दगडी पूल लागला, नदीतल्या एका छोट्या बेटावर जाणारा. त्याच्या कठड्यातला एक दगड बघून तू अशी किंचाळलीस की समोरून येणारी दोन माणसं थांबली.

"सुलू! अगं, दुतोंड्या!"

दगडी खांबासारखं काहीतरी होतं, वर डोकं, आणि डोक्याला सगळ्या बाजूंनी तोंडं. ऊनपावसाने झिजलेली, नाकं गेलेली. मी मोजली. "चार आहेत कुंदा. दुतोंड्या कसला?"

"दोन आपल्यासाठी, दोन त्यांच्यासाठी. श्रीमंत देश आहे बाई." तू चपला काढल्यासारखे बूट काढायला लागलीस, मी थांबवलं. मग उभ्यानेच नमस्कार केलास आणि सहज म्हणालीस, "झालं. चुकामूक झाली तर इथे."

मी ताबडतोब दुरुस्त केलं. चुकामूक होणार नाही. आणि झालीच तर रेल्वे स्टेशनवर, गाड्यांच्या वेळांची मोठी पाटी आहे तिच्याखाली. तसं मी लिहूनच आणलं होतं, प्लास्टिकच्या आवरणात घालून, तुला एक, मला एक. तू तो कागद घडीही न उलगडता सॅकच्या कप्प्यात टाकलास आणि म्हणालीस, "बरं बाई."

तुझं 'बरं बाई' म्हणजे होकार नव्हे, हे एवढ्या वर्षांच्या मैत्रीत मला कळायला हवं होतं. अरविंदरावांनासुद्धा कळायचं.

त्या चार दिवसांतलं बाकीचं इथे लिहीत नाही. आपण उतरलो होतो त्या मठातल्या सिस्टर रोज सकाळी आपला चिवडा संशयाने बघायच्या आणि तिसऱ्या दिवशी बशी पुढे करून उभ्या राहिल्या, तेही नाही. तू प्रत्येक चर्चच्या दारात उंबरा ओलांडताना हात टेकवायचीस, तेही नाही. शेवटच्या दिवसावर येते.

शनिवार होता. सॅक पाठीवर घेऊनच बाहेर पडलो होतो, संध्याकाळी स्टेशनवरून विमानतळाची गाडी. ते मोठं मोडकं रिंगण, कोलोसियम, बघून आपण बसच्या थांब्यावर आलो. बस आली. मी नाशिकला शालिमारच्या थांब्यावर चढते तशी कोपर पुढे काढून चढले. तू माझ्या मागे आहेस हे मी गृहीत धरलं. तू मागे नव्हतीस. तू एका म्हाताऱ्या बाईंना "आधी तुम्ही" म्हणून हाताने वाट करून देत होतीस, आणि त्या बाईंना चढायचंच नव्हतं. दार बंद झालं. आपलं आपण बंद होणारं दार. आपल्याकडच्यासारखं लटकायची सोय नाही.

काचेतून मी तुला बघितलं. मी काचेवर थापा मारत होते. आणि तू? तू घाबरलेली नव्हतीस. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. तू एक हात उंच केलास, चार बोटं दाखवलीस, आणि मग तोच हात आपल्या चेहऱ्याभोवती गोल फिरवलास. पुन्हा चार बोटं, पुन्हा चेहरा. बस वळली.

मी अर्थ लावला. चार वाजता; आणि तोंड पाडू नकोस. माझ्या कागदात बसणारा अर्थ होता. चारला स्टेशन, त्यानंतर गाडी, सगळं वेळेत. तरी पुढच्या थांब्यावर उतरून मी परत पळाले. रस्ता एकेरी, बस कुठल्या कुठे वळलेली. नकाशा उघडून चालत थांब्यावर आले तर तू नाहीस. तो थांबाच वेगळा होता, असं तू नंतर कायम म्हणत आलीस. मी कधी मान्य केलं नाही.

मग स्टेशन. पाटीखाली उभी राहिले. पाटीवरची अक्षरं फडफडत बदलत होती, गाड्या जात होत्या, सॅकचे पट्टे खांद्यात रुतत होते. चार वाजले. चार वाजून गेले. कुबड आलेली एकच बाई उभी होती. कुंदा, मी मनात वाक्यं जुळवायला लागले. "माई, असं झालं की..." पुढचं वाक्य सापडेना. कारखान्यात माल हरवला तर काय लिहायचं ते मला येतं. माणूस हरवलं तर काय लिहायचं?

तेवढ्यात भोंग्यावरून कसलीशी घोषणा झाली. इटालियनमध्ये, मला काय कळणार? पण तो फाटका, घुमणारा आवाज कानात शिरला आणि मी थेट पाचवीत गेले. अण्णांच्या हातात माझं मनगट, डोक्यावर भोंगा, आणि पुकारा: कुंदा नावाची मुलगी, जिथे असशील तिथून दुतोंड्यापाशी ये.

चार. आणि चेहरा.

चार वाजता नव्हे गं. चार तोंडं!

मी कपाळावर हात मारून घेतला. पुलाचं नाव मला माहीत नव्हतं. मी ते कुठे लिहून घेतलंच नव्हतं, कारण ते माझ्या आराखड्यात नव्हतं. कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्रवाल्या बाईंपुढे जाऊन उभी राहिले. इंग्रजी त्यांना येईना. शेवटी, सातपूरची स्टोअर्सची प्रमुख, मी, भर रस्त्यात एक हात वर करून चार बोटं दाखवली आणि चेहऱ्याभोवती हात फिरवला.

बाईंचा चेहरा उजळला. "क्वात्रो कापी!" त्या ओरडल्या. शेजारच्या फुलवाल्यानेही मान डोलावली, "क्वात्रो कापी, क्वात्रो कापी!" त्या पुलाला तिथली माणसं म्हणतातच 'चार डोकी'. दोघांनी मिळून मला बसमध्ये बसवलं, ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. तुझी खूण सगळ्या रोमला कळली, कुंदा. फक्त मला कळली नाही.

तू कठड्याला टेकून बसली होतीस. बूट काढून शेजारी नीट जोडीने ठेवलेले. मांडीवर कागदाच्या पुड्यात संत्री. बत्ताशांच्या जागी संत्री, बाकी तीच पायरी, तीच पोर. शेजारी काळ्या पोशाखातल्या एक आजी बसल्या होत्या, तू सोललेली फोड खात. मला बघून तू उठलीसुद्धा नाहीस.

"आलीस? किती वेळ गं! कुठे हरवली होतीस?"

माझा जीव परत आला आणि त्याच्याबरोबर रागही आला. "मी? मी हरवले? मी ठरल्या जागी उभी होते!"

"मीही ठरल्या जागीच आहे."

"ठरली जागा स्टेशन! लिहून दिली होती!"

"तू ठरवलीस. आपण ठरवली ती ही." तू आजींना आणखी एक फोड दिलीस. "आणि ओरडू नकोस, यांना वाटेल भांडतोय."

"भांडतच आहोत! शहर अनोळखी, भाषा येत नाही, एकटी कशी आलीस इथपर्यंत?"

"खूण करून विचारत. एका बाईने हात धरून वळणापर्यंत आणलं. मध्ये आइस्क्रीम खाल्लं. एकदा चुकले, मग नदी दिसली. गंगेच्या कडेकडेने गेलं की दुतोंड्या येतोच." मग तू हातातलं संत्रं पुड्यात ठेवलंस. चेहऱ्यावरची मस्करी गेली. "सुलू, मी तेव्हाही हरवले नव्हते. वाट चुकले नव्हते मी. वाट बघत होते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून कुणी विचारलं नाही."

मी खाली बसले. आजींनी पुड्यातलं एक संत्रं माझ्या हातात दिलं, तुझ्याच पुड्यातलं, यजमानीणबाईंसारखं.

त्या दगडाच्या पायाशी बोटभर जागा चमकत होती. मी विचारलं, हे काय? "शनिवार आहे ना आज," तू म्हणालीस, "डोक्याच्या तेलातलं बोटाला लावून लावलं. दिसणार नाही कुणाला." रोममध्ये कुणाला आजवर दिसलं नसेल. मला दिसतंय.

आणि मग तू बूट घातलेस, सॅक चढवलीस आणि माझ्या हातातला नकाशा काढून घेतलास. "चल. मी नेते." मी म्हटलं, गाडी चुकेल. "नाही चुकत." तू पुढे, मी मागे. कुठली बस, कुठे उतरायचं, तू आधीच विचारून ठेवलं होतंस. बसमध्ये माझं मनगट घट्ट धरलंस आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणालीस, "हात सोडायचा नाय हां सुलभा. तुझ्या घरी काय सांगू मी?" आपण इतक्या हसलो की त्या गंभीर ड्रायव्हरने आरशातून बघितलं. गाडी मिळाली. बसायला जागाही मिळाली. खिडकीपाशी तू.

नाशिकला परतलो तर माई दारातच. तुकडा ओवाळून टाकायच्या आधी माझ्याकडे बघून विचारलं, "सोडली नाय ना हिला कुठे?"

मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी नाही सुटले माई. तीच सुटली."

अरविंदराव हसायला लागले. "म्हणजे हरवलीस ना? मला वाटलंच होतं! परदेशात जाऊनसुद्धा!" तुझा चेहरा मी बघितला. काचेपलीकडे जो चेहरा निर्धास्त होता तो आपल्या घराच्या दारात विझायला लागला होता. पाचवीतलं सगळं पुन्हा होणार होतं. तू सांगणार, कुणी ऐकणार नाही, आणि उद्यापासून पुन्हा स्कूटर.

"अरविंदराव," मी म्हणाले, "हरवले मी. भलत्याच जागी जाऊन उभी राहिले. कुंदा अख्खं रोम ओलांडून ठरल्या जागी पोचली. मला शोधून, गाडीत बसवून तिने परत आणलं."

मी चूक कबूल करते असं त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. खरं तर कुठल्याच घरात नव्हतं. माईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, बराच वेळ. मग भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत जाता जाता म्हणाल्या, "अरविंद, येवल्याची पैठणी आणायची हाय ना पुतणीच्या लग्नाची? हिलाच धाड. एकटीला."

त्या आठवड्यात तू एसटीने येवल्याला गेलीस आणि आलीस. संध्याकाळी फोन केलास. पैठणीबद्दल चकार शब्द नाही. "खिडकी मिळाली!" एवढंच.

त्यानंतरची कुंदा मावशींना माहीत नाही. दुकानाच्या ऑर्डरी घ्यायला तू लासलगावला जायला लागलीस, मग मालेगावला. कांद्याच्या हंगामात लग्नं कुठल्या गावांत जास्त निघतील आणि हंडे-कळश्या कुठे खपतील, हे अरविंदराव तुला विचारू लागले. तू स्कूटी शिकलीस आणि पहिल्याच दिवशी त्यांना मागे बसवून दुकानात नेलंस. ते हँडल घट्ट धरून बसले होते, मागचं. मी बघितलं आहे.

आणि त्याच वर्षी पुन्हा सिंहस्थ आला. चेंगराचेंगरी झाली, तो शहराला सगळाच सुखाचा गेला नाही, ते तुलाही ठाऊक आहे. पण तू हरवले-सापडलेच्या मंडपात स्वतःहून नाव दिलंस. मी डबा घेऊन आले तेव्हा माइकवर तू होतीस. लोक नाव सांगत, गाव सांगत, रडत. तू पुकारायचीस, "जिथे असाल तिथून दुतोंड्यापाशी या. घाबरू नका. तुम्ही हरवलेले नाही, तुमची माणसं उशिरा येतायत." नियमात हे शेवटचं वाक्य नव्हतं. कुणीतरी तुला सांगायलाही आलं. तू म्हणालीस, "बरं बाई." आणि पुढच्या पुकाऱ्यात तेच वाक्य पुन्हा.

आता आपलं राहिलेलं भांडण. दर दोन-चार महिन्यांनी तू ते काढायचीस. स्कूटीवर, दवाखान्याच्या बाकावर, सोमेश्वरच्या धबधब्यापाशी मक्याचं कणीस खाताना. "सुलू, खरं सांग. त्या दिवशी दारात तू मी हरवले म्हणालीस, ते खरं म्हणून, की माझी बाजू सांभाळायला?"

मी म्हणायचे, "तुला काय समजायचं ते समज."

"म्हणजे माझ्यासाठीच. म्हणजे मनातून तुझं अजून स्टेशनच."

"ठरली जागा स्टेशनच होती."

"बघ!" आणि तू कणसाचा उरलेला भाग माझ्या हातात द्यायचीस, ज्यावर दाणे नसत.

गेल्या महिन्यात शेवटचा फोन झाला तेव्हाही विचारलंस. मी भाजी चिरत होते, कुकरची शिट्टी होत होती. म्हटलं, "शनिवारी गंगेवर भेटू, तेव्हा सांगते." शनिवार आला. तू नव्हतीस.

अस्थींच्या दिवशी रामकुंडावर ही गर्दी. मी सगळ्यांना वेळ सांगितली होती, गाड्या सांगितल्या होत्या, तरी माणसं पांगली. अरविंदराव कलश हातात घेऊन गोंधळून उभे होते. कुणी इकडे गेलेलं, कुणी तिकडे. माझा कागद हातातच राहिला. आणि मग एकेक करून सगळे आले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझे दीर, तुझे मालेगावचे गिऱ्हाईक, मंडपातल्या तुझ्या जोडीदारणी. सगळे दुतोंड्यापाशी येऊन उभे राहिले होते.

पुण्याच्या मावशी माईंचा हात धरून आल्या. पाण्याकडे बघत पुन्हा म्हणाल्या, "देवा, नीट वाट दाखव रे तिला. चुकायची सवय होती."

माई आता काठीशिवाय उभ्या राहत नाहीत. त्यांनी काठी दगडावर आपटली. "कुणाला वाट दाखवतो देव? माझ्या सुनेला? देवच चुकला तर ती आणून सोडंल त्याला!"

भटजीसुद्धा हसले, कुंदा. अरविंदराव हसता हसता रडले आणि मग त्यांनी कलश पाण्यात सोडला.

मी शेवटपर्यंत थांबले. गर्दी ओसरली. पाणी दुतोंड्याच्या घोट्यालाही नव्हतं. त्याच पायरीवर बसले, बूट काढून शेजारी जोडीने ठेवले, आणि तुला जे शनिवारी सांगायचं होतं ते मोठ्याने सांगितलं. आता लिहूनही ठेवते, म्हणजे तुला पुन्हा विचारावं लागणार नाही.

तुझ्यासाठी म्हणाले नव्हते गं. खरंच मी हरवले होते. हातात नकाशा होता, खिशात कागद होता आणि मी कुठे उभी आहे ते मला ठाऊक नव्हतं. तू ठरल्या जागी होतीस. तेव्हाही, आणि पाचवीतही.

थांब तिथेच. इकडेतिकडे जाऊ नकोस. मला घाई नाही, माईंची औषधं आहेत, अरविंदरावांना चहापलीकडचं बोलायला लावायचं आहे, दुकानाच्या लासलगावच्या ऑर्डरी आता मी बघणार आहे, एसटीने, खिडकीपाशी बसून. उशीर होईल. पण जागा माहीत आहे मला आता.

संत्री सोलून ठेव.

तुझी,
सुलू